गोराई: कसाव्याची पानं अळ्या फस्त करतायत, औषध मारू की थांबू?

खाडीपलीकडची (बोरिवली)

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, आणि जरा घाईने हवी आहे.

मी नर्स आहे, राहते बोरिवलीला. सासर गोराईचं. फेरीबोटीने खाडी ओलांडली की पलीकडे सासूबाईंची वाडी. वाडीच्या वरच्या अंगाला, जिथे खारं पाणी पोचत नाही, तिथे तीन गुंठ्यांत मी या जूनमध्ये कसावा लावला, म्हणजे ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात ते झाड. माझ्या वॉर्डात एक मल्याळी मैत्रीण आहे, तिच्या डब्यातला 'कप्पा', म्हणजे उकडलेला कसावा, आणि मासळीचं कालवण खाऊन खाऊनच हे डोक्यात शिरलं. कांड्याही तिनेच दिल्या, तिच्या भावाची पालघरजवळ बाग आहे तिथून. तीन फुटांवर एक, अशी साडेतीनशे झाडं. सगळी जोमात होती, माझ्या कमरेच्या वर गेली होती.

परवा शनिवारी गेले तर बांधाकडच्या दोन ओळींत पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या. तिसऱ्या-चौथ्या ओळीत अर्धीमुर्धी पानं. राखाडी-काळपट, गुळगुळीत अळ्या आहेत, मोठ्या तर माझ्या मधल्या बोटाएवढ्या. चालताना पाठीची कमान करतात. हात लावला की टपकन खाली पडतात.

दीर दुकानातून एक बाटली घेऊन आलेत. दुकानदार म्हणाला, एका फवाऱ्यात मैदान साफ. पण सासूबाईंच्या अकरा कोंबड्या दिवसभर त्याच झाडांखाली उकरत असतात आणि पडलेल्या अळ्या मटकावतात. विषबाधेचे रुग्ण मी माझ्या हातांनी सांभाळलेत. ती बाटली घरात आहे एवढ्यानेच मला झोप लागत नाहीये.

दुसरं म्हणजे, ब्राझीलचा एक व्हिडिओ पाहिला. तिथे कसाव्यावरच्या मेलेल्या अळ्या गोळा करतात, पाण्यात वाटतात, गाळतात आणि तेच पाणी शेतावर फवारतात. बाकीच्या अळ्या मरतात म्हणे. हे खरं आहे का? मी असं करू शकते का?

माझी सुट्टी फक्त शनिवार-रविवार. मधले पाच दिवस सासूबाई एकट्या असतात, वय अडुसष्ट. त्यांना झेपेल असंच काही सांगा.


गच्चीवरची बाग (ठाणे)

ताई, ५ टक्के निंबोळी अर्क मारा. ५ किलो निंबोळीच्या गराची पूड १०० लिटर पाण्याला, या हिशेबाने जेवढं लागेल तेवढं करा. पूड रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, थोडा साबण घालायचा. माझ्याकडे कढीपत्त्यावर आणि लिंबावर चांगला चालतो. मोठ्या अळ्या त्याने लगेच मरत नाहीत हे मात्र आधीच सांगते. त्यांचं खाणं कमी होतं आणि लहानग्यांची कात टाकणं बिघडतं. कसाव्याचा मला अनुभव नाही. इथे मुलुंडचे काका आहेत, त्यांचं सगळं आयुष्य यातच गेलंय, ते बघतीलच.


ट्रायकोकाका (मुलुंड)

ताई, ती बाटली आधी कुलपात ठेवा. दिराला म्हणावं रागावू नकोस, पण आठवडाभर कुलपात.

मी नाशिककडे किडींचे नैसर्गिक शत्रू वाढवणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत २६ वर्षं काम केलं. ट्रायकोकार्डं, विषाणू, बुरशी, सगळं हाताखालून गेलं. आता मुलाकडे मुलुंडला असतो. कसावा मी कधी पिकवला नाही, पण तुम्ही वर्णन केलेली अळी ओळखतो. बांधावर एरंड आहे का? असणारच. खाडीच्या बाजूला एरंड आपोआप येतो. ही एरंडीवरची उंटअळी वाटते. एरंड आणि कसावा एकाच कुळातले, त्यामुळे तिला दोन्ही चालतात. पतंग तपकिरी, मागचे पंख काळे आणि त्यांवर पांढरा पट्टा, कडेला पांढरे ठिपके. रात्री वाडीतल्या दिव्यावर येत असेल, सासूबाईंना विचारा.

खात्री मात्र तुम्हीच करायची. पानाच्या खालच्या बाजूला अंडी बघा. सुटी सुटी, हिरवट, टाचणीच्या टोकाएवढी असली तर उंटअळी. पुंजक्याने असली आणि पुंजक्यावर भुरकट केसांचं पांघरूण असलं, तर ती तंबाखूवरची पानं खाणारी अळी, तिला लष्करी अळी म्हणूनही ओळखतात. तिची पिल्लं घोळक्याने पानाचा हिरवा भाग खरवडतात, पान जाळीसारखं दिसतं. हा फरक का महत्त्वाचा ते पुढे सांगतो.

आता ब्राझीलचं. व्हिडिओ खरा आहे. तिथली कसाव्यावरची मुख्य अळी वेगळी, एरिनिस एलो नावाच्या पतंगाची. चांगली १०-१२ सेंटीमीटर होते, शेपटीवर शिंग असतं. एक अळी जन्मभरात साधारण १,१०० चौरस सेंटीमीटर पान खाते आणि त्यातलं तीन चतुर्थांश शेवटच्या अवस्थेत. म्हणजे डोळ्यांत भरेपर्यंत थांबलं की उशीर झालेलाच असतो. कोलंबियात कालीजवळ पाल्मिराला आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. तिथल्या लोकांनी या अळीचा विषाणू अभ्यासला आणि दक्षिण ब्राझीलच्या शेतकऱ्यांनी तो घराघरांत नेला. रोग लागलेल्या अळ्या गोळा करून गोठवून ठेवायच्या, हंगामात अळी दिसली की पाण्यात वाटून, फडक्यातून गाळून फवारायच्या. पुढच्या पिकासाठीही त्याच फवाऱ्याने मेलेल्या अळ्या उचलून ठेवायच्या. बियाणं राखावं तसा रोग राखतात.

त्यांनी आधी रासायनिक फवारे मारून पाहिले होते. झालं असं की फवाऱ्याने अळ्यांचे शत्रूच आधी मेले आणि अळीचे हल्ले वारंवार व्हायला लागले. त्या अळीवर जगणारे चाळीसच्या वर नैसर्गिक शत्रू नोंदलेत: अंड्यांत अंडी घालणाऱ्या सूक्ष्म माश्या, अळीच्या अंगात वाढणाऱ्या, शिवाय गांधीलमाश्या. काही ठिकाणी तर गांधीलमाश्यांनी पोळी करावीत म्हणून शेतात छोटे आडोसे उभारतात. आपण दिसलं पोळं की जाळतो.

पण तो विषाणू तुमच्या कामाचा नाही. हे विषाणू भलते निवडक असतात, आपली अळी सोडून दुसरीकडे ढुंकून बघत नाहीत. म्हणून वर फरक सांगितला. दुकानात एसएलएनपीव्ही नावाची विषाणूची बाटली मिळते, ती तंबाखूवरच्या अळीची. एचएएनपीव्ही मिळते, ती घाटेअळीची. उंटअळीवर यांतली कुठलीही मारलीत तर पैसे पाण्यात. चांगलं औषध चुकीच्या अळीवर मारून 'जैविक काही चालत नाही' म्हणणारी कितीतरी माणसं मला भेटलीत. प्रत्येक वेळी जीव तुटतो.

तुमच्याकडे मेलेल्या अळ्या सापडल्या तरी वाटू नका. कशाने मेल्या ते कळल्याशिवाय नको, आणि घरातल्या मिक्सरमध्ये तर कधीच नको. विषाणूने मेलेली अळी ओळखता येते: मागच्या पायांनी पानाला धरून उलटी लोंबते, अंग फिकट आणि मऊ पडतं, कातडं फुटलं की आत नुसतं पाणी. वास असा येतो की कपड्यांतून जात नाही. बायको मला दोन वर्षं अंगणात आंघोळ करायला लावायची.

या रोगाची ताकद मी बघितली आहे. आमच्याकडे निरोगी अळ्यांची खोली वेगळी आणि विषाणूची वेगळी. निरोगी खोलीत एरंडाच्या पानांवर आणि हरभऱ्याच्या पिठाच्या खाद्यावर अळ्या वाढवायच्या, त्यातल्या थोड्या विषाणूसाठी उचलायच्या. एकदा गौरी-गणपतीच्या सुट्टीआधी घाईत मी विषाणूच्या खोलीतला ट्रे न उकळता तसाच पलीकडे नेला. सुट्टीवरून परत आलो तर निरोगी खोलीतले सगळे ट्रे लोंबकळलेल्या अळ्यांनी भरलेले. तीन महिन्यांची पैदास गेली. चूक माझी होती, मी ती साहेबांना त्याच दिवशी सांगितली. तेव्हापासून या जिवांना मी हलक्यात घेत नाही.

आता तुम्ही काय करायचं. रविवारी सकाळी लवकर वीस झाडं बघा, ओळीओळीतून सुटी सुटी निवडून. प्रत्येक झाडावरच्या अळ्या मोजा. आणि एक गोष्ट मुद्दाम शोधा: अळीच्या मागच्या टोकाशी, पोटाखाली, कापसाच्या बोळ्यासारखा पांढरा कोष चिकटलेला आहे का. असला तर ती अळी मारू नका! तिच्या अंगात एका बारीक परजीवी माशीचं पिल्लू वाढून बाहेर आलंय आणि त्याने कोष विणलाय. अळी जिवंत दिसते, पण तिचं खाणं संपलेलं असतं. त्या कोषातून निघणारी माशी पुढच्या अळ्यांवर अंडी घालते.

कोष किती सापडले ते इथे लिहा, मग पुढचं बोलू. तोवर कोष नसलेल्या अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. तीन गुंठे म्हणजे दोघींचं दोन तासांचं काम.

बांधावरचा एरंड आत्ता तोडू नका, बरं का. तोडलात तर त्यावरच्या भुकेल्या अळ्या सगळ्या कसाव्यात उतरतील.


खाडीपलीकडची (बोरिवली)

काका, बांधावर एरंड आहे! नऊ मोठी झुडपं. माझ्या डोळ्यांसमोर असून कधी जोडलंच नाही मी हे.

रविवारी सकाळी साडेसहाला सुरुवात केली. वीस झाडांवर मिळून ११२ अळ्या. त्यांतल्या ३१ जणींना पांढरे कोष. सासूबाईंनी पहिला कोष दाखवला, मला चष्म्याशिवाय दिसतच नव्हता. त्या म्हणाल्या, हे बोळे मी लहानपणापासून एरंडावर बघते, आम्हाला वाटायचं अळीची अंडी आहेत, म्हणून चिरडायचो. मग गप्प झाल्या. नंतर दिवसभर वाटेतली प्रत्येक कोषवाली अळी पानासकट उचलून झाडावर परत ठेवत होत्या.

अंडी सुटी, हिरवट. पुंजके कुठे नाहीत. दिव्यावर काळ्या-पांढऱ्या पंखांचे पतंग येतात, हे दिरांनीच सांगितलं. बाटली त्यांनी स्वतःहून दुकानात परत केली.

बिनकोषाच्या अळ्या वेचल्या, अर्धी बादली भरली. आता पुढे? आणि अर्धी पानं गेली, तर कंद पोसणारच नाहीत का?


ट्रायकोकाका (मुलुंड)

३१! शंभरात सत्तावीस-अठ्ठावीस झाल्या की या. ताई, तुमच्या वाडीत काम आधीच सुरू झालंय. पावसाळ्याच्या उत्तरार्धात ही माशी चांगली वाढते. आत्ता फवारा मारला असता तर पहिली तीच गेली असती. अळ्या मात्र बांधावरून पुन्हा आल्या असत्या.

कंदाचं म्हणाल तर कसावा चिवट आहे, नवी पानं काढतो. पहिल्या काही महिन्यांत वारंवार पानं गेली तर नुकसान जास्त होतं, आणि तुमचं पीक नेमकं त्याच वयात आहे, म्हणून नुसतं बघत बसू नका असंही म्हणतो. एक हल्ला झाड सोसतं. लागोपाठ दुसरा होऊ द्यायचा नाही.

त्यासाठी दोन गोष्टी.

पहिली, ट्रायकोकार्ड. हे पोस्टकार्डासारखं दिसतं. आम्ही तांदळावरच्या पतंगाची अंडी, म्हणजे कोर्सायराची, ज्वारी-बाजरीच्या भरड्यावर वाढवून गोळा करायचो, अतिनील दिव्याखाली धरायचो म्हणजे त्यांतून अळी निघत नाही, आणि डिंकाने कार्डावर चिकटवायचो. मग ती कार्डं ट्रायकोग्रामा माश्यांना द्यायची. ती माशी इतकी लहान की सुईच्या टोकावर मावावी. ती प्रत्येक अंड्यात आपलं अंडं घालते, चार दिवसांत अंडं काळं पडतं, आठवड्याभरात त्यातून माशी बाहेर येते आणि शेतातली अळीची अंडी शोधत फिरते. अळी जन्मायच्या आतच संपते. कोर्सायराच्या पंखांचा भुगा छातीत जायचा, मास्क न लावणाऱ्या दोघांना दमा लागला. त्या कार्डामागे किती हातांचं काम आहे हे घेणाऱ्याला कळावं म्हणून सांगतो.

एका कार्डावर साधारण वीस हजार अंडी असतात. तुमच्या तीन गुंठ्यांना कार्डाचा चौथा भाग एका वेळेला पुष्कळ. पट्ट्या कापा, पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल करा, संध्याकाळी. देठाला थोडं ग्रीस लावा, नाहीतर रात्रीत मुंग्या सगळं साफ करतात. आठ-दहा दिवसांनी ताज्या कार्डाच्या पट्ट्या पुन्हा लावा. कार्ड ताजं आहे ना, तारीख बघून घ्या. माश्या आधीच उडून गेलेलं कार्ड म्हणजे नुसता कागद. तुमची अंडी सुटी आहेत हे बरं झालं. पुंजक्यावरच्या केसांतून ट्रायकोग्रामाला नीट पोचता येत नाही.

दुसरी गोष्ट, बीटी. लहान अळ्या फार वाढल्या तरच. हा जिवाणू अळीने खावा लागतो, नुसता अंगावर पडून उपयोग नाही. त्यातलं प्रथिन अळीच्या आतड्यात विरघळतं, आतड्याला भोकं पडतात. काही तासांत खाणं बंद, दोन-तीन दिवसांत मरण. कोंबड्यांना, मधमाश्यांना त्रास नाही. मारायचा संध्याकाळी, कारण उन्हाने तो लवकर निकामी होतो, आणि पाऊस नसताना. डब्यावर लिहिलंय तेवढंच प्रमाण. बोटभर झालेल्या अळीवर मात्र पैसे घालवू नका, ती हातानेच वेचा. आसपास कुणी रेशीमकिडे पाळत असेल तर अजिबात नको. हा जिवाणू १९०१ मध्ये जपानात सापडला तोच मुळी रेशीमकिड्यांच्या रोगातून.

सासूबाईंसाठी: टी-आकाराच्या चार-पाच काठ्या रोवा, पिकाच्या वर हातभर. कोतवाल आणि साळुंक्या बसतात आणि वरून अळी टिपतात. एवढं त्यांना एकटीला जमेल.


त्रिशूरची सून (चेंबूर)

मी माहेरची गिरगावची, सासर त्रिशूरचं. ताईंचा धागा सकाळपासून वाचतेय. अळीचं काकांनी सांगितलंच, मला कांड्यांबद्दल बोलायचंय, कारण आमचं सासरचं पीक त्याने गेलंय.

२०२० मध्ये आमच्याच जिल्ह्यात कसाव्यावरचा पिठ्या ढेकूण भारतात पहिल्यांदा सापडला. शेंडे आखडतात, पानांचा गुच्छ होतो, पेरं आखूड होतात. सासऱ्यांनी औषधं मारली, पण तो मेणचट पिठाखाली लपलेला असतो. तिकडून तो तामिळनाडूत सेलमकडे गेला. आपण एकादशीला जो साबुदाणा भिजवतो तो बहुतेक त्याच पट्ट्यातून येतो.

त्यावरही उतारा माशीच ठरली. हा ढेकूण मूळचा दक्षिण अमेरिकेचा. १९७०च्या दशकात तो आफ्रिकेत पसरला आणि कोट्यवधी लोकांच्या तोंडचा घास जायची वेळ आली, कारण तिथे कसावा म्हणजे रोजची भाकरी. १९८१ मध्ये पॅराग्वेत त्याच्यावर जगणारी एक चिमुकली माशी सापडली, अॅनागायरस लोपेझी. ती वाढवून आफ्रिकेत सोडली आणि पीक वाचलं. ते काम उभं करणाऱ्या हान्स हेरेन यांना १९९५ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तीच माशी बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संस्थेने पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनहून आणली आणि मार्च २०२२ मध्ये सेलम जिल्ह्यात येथापूरला शेतात सोडली.

म्हणून ताई, पुढच्या वेळी मैत्रिणीकडून कांड्या घ्याल तेव्हा एकेक कांडी डोळ्यांजवळ धरून बघा. पांढरं पीठ असलेली नको. ज्या झाडाची पानं पिवळ्या-हिरव्या चट्ट्यांनी वेडीवाकडी झालीत त्याची तर नकोच. तो मोझॅक नावाचा विषाणूरोग, कांडीतून येतो आणि पांढऱ्या माशीने पसरतो. आत्ता तुमच्या साडेतीनशेमध्ये असं एखादं झाड असलं तर उपटून टाका. आणि कसाव्याचा पाला शेळ्यांना घालू नका, त्यात सायनाइड सुटतं. कंदही सोलून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी फेकून द्यायचं. तुमची मैत्रीण तसंच करत असेल, विचारा तिला.


खाडीपलीकडची (बोरिवली)

ताई, चट्ट्यांची दोन झाडं सापडली, उपटली. पीठ कुठे नाही. मैत्रीण म्हणाली, कंद उकडून पाणी टाकतो म्हणजे काय, त्याशिवाय खातं का कुणी!

काका, आज पंधरा दिवस झाले म्हणून सविस्तर लिहिते. ट्रायकोकार्डाच्या पट्ट्या दोनदा लावल्या. पहिल्या वेळी ग्रीस विसरले आणि तीन पट्ट्या मुंग्यांनी खाल्ल्या, दुसऱ्या वेळी विसरले नाही. बीटी आणून ठेवलं, पण फोडायची वेळ आली नाही. काठ्यांवर सासूबाईंनी रोज सकाळी पक्षी मोजले. कोतवालाची एक जोडी ठरलेली आहे, त्या तिला आता नावाने हाका मारतात.

काल पुन्हा वीस झाडं बघितली, तीच. ३८ अळ्या, त्यांतल्या २२ कोषवाल्या. बांधाकडच्या उघड्या पडलेल्या ओळींना शेंड्याशी नवी पानं आलीत, हाताच्या पंजाएवढी, तांबूस. खालच्या दांड्या अजून बोडक्याच आहेत.

एक गोष्ट तुम्ही सांगितली नव्हती तरी केली. मागच्या रविवारी कोषवाल्या सहा अळ्या पानांसकट काचेच्या बरणीत घातल्या, वर मलमलचं फडकं बांधलं आणि बोरिवलीला आणल्या. ओट्याच्या खिडकीत ठेवल्या. मुलगा शाळेतून आला की आधी बरणी बघायचा. गुरुवारी रात्री मी ड्युटीवरून आले तेव्हा तो जागाच होता. बरणीच्या काचेवर काळ्या, मुंगीहून लहान चार माश्या चालत होत्या, लांब मिशा हलवत. कोषांना वरून गोल झाकणं कापल्यासारखी उघडली होती.

शनिवारी सकाळी पहिल्या फेरीबोटीने मुलाला आणि बरणीला घेऊन गेले. बोटीत एका कोळीणकाकूंनी विचारलं, काय आहे गं त्यात, रिकामीच तर दिसते. मुलाने सांगितलं. त्यांनी बरणी हातात घेऊन उजेडाकडे धरली, बराच वेळ बघितली, आणि मग गोराई येईपर्यंत आपल्या मांडीवरच ठेवली.

एरंडाखाली फडकं सोडलं. तीन लगेच उडाल्या. चौथी काठावर बसून राहिली, तिच्यासाठी बरणी तिथेच आडवी ठेवून आम्ही अळ्या वेचायला गेलो.